ओढायचा नॉब तसाच ठेवून सेल्फला सोलेनॉइड कसा बसवावा: जुन्या मॉरिस मायनरसाठी

आमच्या घरची मॉरिस मायनर १९५८ ची, ९४८ सीसी इंजिनाची. तिची किल्ली फक्त इग्निशन चालू करते. किल्ली फिरवली की बॉनेटखालून पेट्रोलच्या एसयू पंपाची टिकटिक ऐकू येते, कार्ब्युरेटर भरला की ती थांबते, आणि मग डॅशबोर्डवरचा ‘एस’ लिहिलेला नॉब ओढायचा. नॉबामागे केबल, केबलच्या टोकाला एक जाडजूड खटका, आणि त्या खटक्यातून बॅटरीचा करंट थेट सेल्फला. मध्ये रिले नाही, सोलेनॉइड नाही, म्हणजे बारीक करंटने आपोआप चालणारा कोणताही खटका नाही. माणसाच्या हाताने तांब्याची एक चकती दोन बोल्टांवर टेकते, एवढंच.

ही रचना वाईट नाही. इतकी वर्षं तिनं काम केलं आहे. पण इंजिन फिरवताना त्या चकतीतून दीडशे-दोनशे अँपिअर जातात. केबल सैल झाली की चकती पूर्ण टेकत नाही, अर्धवट टेकली की ठिणगी पडते, ठिणगीने तांबं जळतं, आणि जळलेलं तांबं पुढच्या वेळी आणखी कमी करंट सोडतं. गेल्या मे महिन्यात नागपूरच्या व्हरायटी चौकात इंजिन बंद पडलं तेव्हा तीनदा नॉब ओढूनही सेल्फ नुसता कण्हत राहिला. गाडी ढकलत कडेला घ्यावी लागली.

याच नॉबाची दुसरी अडचण मला जास्त टोचत होती. किल्ली खिशात असली तरी नॉब ओढला की सेल्फ फिरतो. गाडी गिअरमध्ये असेल तर ती उडी मारते. घरात लहान मुलं आहेत आणि त्यांना तो नॉब फार आवडतो.

म्हणून हा बदल केला. डॅशबोर्डवर काही बदललं नाही, नॉब तोच, केबल तीच, ओढायची सवयही तीच. फक्त सेल्फच्या जड करंटची वाट सोलेनॉइडमधून नेली आणि जुन्या खटक्याच्या जागी एक हलका खटका बसवला. कुठेही नवं भोक पाडलेलं नाही. उद्या कुणाला मूळ खटका परत बसवायचा असेल तर तासाभराचं काम आहे.

भोक न पाडण्याचा हट्ट नुसता हौसेचा नाही. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ८१ए ते ८१जी ही कलमं आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ स्वरूपात हवी आणि चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. खटका बदलणं त्यात मोडत नाही. तरी डॅशबोर्डला भोक पाडून लाल बटण बसवलेली गाडी तपासणाऱ्याच्या डोळ्यात भरते, आणि पुढे ती विकत घेणाऱ्याच्याही.

आधी मोजा, मग पाना उचला

आमच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे मी नवी बॅटरी घ्यायच्या बेतात गेलो होतो. त्यांनी मल्टिमीटर लावला आणि म्हणाले, “भाऊ, बॅटरी घेऊन काय करता? करंट तर खटक्यातच जिरून राह्यला न.” तेव्हापासून मी कुणालाही आधी मोजायलाच सांगतो. बहुतेक गाड्यांत खरा दोष एखाद्या गंजलेल्या टर्मिनलमध्ये निघतो आणि सोलेनॉइडची गरजच पडत नाही.

इंजिन सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची बारीक तार काढून ठेवा. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकापुढे-मागे विटा. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर. एकाने नॉब ओढायचा, दुसऱ्याने आकडा वाचायचा, दर वेळी पाचेक सेकंदच.

पहिलं माप बॅटरीच्या दोन खांबांवर. टर्मिनलवर नाही, शिशाच्या खांबावरच टोक टेकवा. गाडी उभी असताना पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ फिरताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर आधी बॅटरी भरा किंवा तपासून घ्या, बाकी सगळं नंतर.

दुसरं माप खटक्याच्या दोन जाड बोल्टांमध्ये. नॉब ओढलेला नसताना तिथे बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज दिसतो, ओढल्यावर तो जवळजवळ शून्यावर यायला हवा. ०.२ पर्यंत ठीक. माझ्या गाडीत १.६ व्होल्ट तिथेच खर्ची पडत होते. बॅटरी ताणाखाली १०.४ वर टिकून होती, पण सेल्फपर्यंत पोचत होते जेमतेम साडेआठ.

तिसरं माप बॅटरीचा अर्थचा, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेला, खांब आणि सेल्फची बॉडी यांच्यामध्ये. इथे ०.३ पेक्षा जास्त आलं तर इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी बघा. मायनरचं इंजिन रबरावर बसलेलं असतं, त्यामुळे ही पट्टी तुटली तर सेल्फचा करंट दुसरी वाट शोधतो आणि ती वाट बहुधा चोकची केबल असते. सेल्फ मारल्यावर चोकच्या केबलला हात लावून बघा. ती कोमट लागली तर दोष सापडला. ही पट्टी बदलायला फार खर्च येत नाही, आणि ती नीट नसेल तर सोलेनॉइड लावूनही काही उपयोग नाही.

सामान

सोलेनॉइड घ्यायचा तो वेगळा बसवायचा, म्हणजे सेल्फच्या अंगावर नसलेला. दोन जाड बोल्ट आणि एक बारीक टर्मिनल. मायनरचा सेल्फ बेंडिक्सचा आहे, करंट आला की त्याचा दात्याचा गिअर आपोआप सरकून फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये बसतो, त्यामुळे गिअर ढकलणाऱ्या सोलेनॉइडची गरज नाही. दुकानदाराला “बेंडिक्सच्या सेल्फचा, बाहेर बसणारा, १२ व्होल्ट” असं सांगा. काहींना दोन बारीक टर्मिनल असतात. त्यातलं कॉइलचं कोणतं, ते दुकानातच १२ व्होल्ट देऊन पाहून घ्या.

हलक्या खटक्यासाठी मी मोटारसायकलच्या मागच्या ब्रेकचा स्विच वापरला. पायाचा ब्रेक दाबला की स्प्रिंगने ओढला जाऊन मागचा दिवा लावतो तो. आपल्याला हवी तीच क्रिया त्यात आहे: ओढलं की चालू, सोडलं की बंद. पाऊस-धुळीत राहायला तो बनलेला आहे, त्याच्यासोबत स्प्रिंग येते आणि कोणत्याही स्पेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो. मात्र तो एका २१ वॅटच्या दिव्यासाठी आहे, म्हणजे पावणेदोन अँपिअर. सोलेनॉइडची कॉइल त्याहून बरीच जास्त मागते, म्हणून दोघांच्या मध्ये एक साधा ३० अँपिअरचा रिले हवा.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगायची आहे, कारण ही चूक माझ्या गाडीत झालेली आहे. काही वर्षांपूर्वी एका दुकानात जुना खटका काढून त्याच्या जागी नुसता हॉर्नचा रिले लावून दिला होता. सेल्फचा सगळा करंट त्या ३० अँपिअरच्या रिलेतून. चार-पाच दिवस गाडी छान सुरू झाली. सहाव्या दिवशी रिलेचे पॉइंट आत चिकटले, इंजिन सुरू झालं तरी सेल्फ थांबेना, किल्ली बंद केली तरी फिरतच राहिला. बॅटरीची तार पान्याने सोडवेपर्यंत बॉनेटखालून धूर येत होता. रिले हा फक्त सोलेनॉइडला इशारा द्यायला. सेल्फचा करंट त्यातून कधीही नेऊ नका.

जाड केबल इतवारीच्या लोहाओळीत वेल्डिंगची केबल म्हणून मिळते. पूर्ण तांब्याची, ३५ चौरस मिलिमीटरची घ्या. एक मीटर लांबीत १८० अँपिअरला ३५ ची केबल ०.०९ व्होल्ट खाते, २५ ची सुमारे ०.१३ आणि १० ची ०.३ हून जास्त. इथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही. शिवाय केबलच्या टोकांना बसवायचे जाड तांब्याचे लग, रिले ते सोलेनॉइडसाठी अडीच चौरस मिलिमीटरची तार, खटक्यासाठी एक चौरसची, १५ अँपिअरचा फ्यूज होल्डरसह, हीट श्रिंक स्लीव्ह, रबर ग्रोमेट आणि बोल्टांवर घालायच्या रबरी टोप्या.

जुनं काढताना

हे काम उन्हाळ्यात करायचं असेल तर सकाळी सहाला सुरू करा. नऊनंतर नागपुरात पत्र्याला हात लावता येत नाही. घड्याळ, अंगठी, कडं काढून ठेवा. पाना आणि बॅटरी यांच्यामध्ये सोन्याची अंगठी आली तर ती बोटावरच तापते.

मायनरमध्ये मूळ रचना पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला. आधी अर्थची तार काढायची, आणि या गाडीत ती प्लसची. तारेच्या रंगावर विश्वास ठेवू नका. साठ वर्षांत कुणीतरी बाजारातली काळी-लाल तार हवी तशी लावलेली असते. बॅटरीवरच्या खुणा बघा, तार बॉडीला जाते का ते बघा, आणि खडूने लिहून ठेवा. परत जोडताना बॅटरी उलटी लागली तर बॅटरी भरणारा डायनॅमो आणि त्याला बॅटरीशी जोडणारा-तोडणारा कटआउट दोन्ही अडचणीत येतात. सेल्फ आणि सोलेनॉइडला मात्र दिशेचा फरक पडत नाही, म्हणून हा बदल कोणत्याही अर्थच्या गाडीत चालतो.

आता खटक्याचे फोटो काढा, चारही बाजूंनी. एका बोल्टावर बॅटरीची जाड तार असते आणि तिच्यासोबत एक तपकिरी तार. ही तपकिरी तार साऱ्या गाडीला वीज पुरवते. तिला चिकटपट्टीची खूण करा. दुसऱ्या बोल्टावर फक्त सेल्फची तार.

पाने इंचाच्या मापाचेच वापरा. मेट्रिक पाना चढवला की नटाचे कोपरे गोल होतात, आणि असा नट परत मिळवायला किती फिरावं लागतं ते जुन्या गाडीवाल्यांना ठाऊक आहे. नट हलत नसेल तर गंज सोडवायचं तेल रात्रीच टाकून ठेवा. खटका निघाला की पुसून, तेलाचा हात देऊन, नट-वॉशरसकट डब्यात. तो गाडीचा भाग आहे, भंगार नव्हे.

ब्रॅकेट

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि तो द्यायलाच हवा. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापा. जुना खटका ज्या दोन स्क्रूंवर बसला होता तीच भोकं ब्रॅकेटला. त्या नमुन्यावरून १६ गेजचा, म्हणजे १.६ मिलिमीटर जाडीचा पत्रा एल आकारात वाकवून घेतला. हिंगणा एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये चहा होईपर्यंत काम झालं.

ब्रॅकेटला दोन गोष्टी धरायच्या आहेत. एका टोकाला केबलचं बाहेरचं कवच, अगदी घट्ट. कवच हललं तर नॉब ओढल्यावर आतली तार न येता कवचच सरकतं आणि खटका चालतच नाही. दुसऱ्या टोकाला मोटारसायकलचा स्विच, केबलच्या अगदी सरळ रेषेत. केबलची आतली तार स्विचच्या स्प्रिंगला अडकवा. नॉबाची ओढ स्विचला हवी त्यापेक्षा जास्त असते, आणि ती जास्तीची ओढ स्प्रिंग ताणून घेते. म्हणूनच ही स्प्रिंग काढून तार थेट स्विचला बांधायचा मोह टाळा. स्विचचं प्लास्टिक दोन दिवसांत तुटेल.

बॅटरी जोडण्याआधी वीस-पंचवीस वेळा नॉब ओढून सोडा. प्रत्येक वेळी तो स्वतःहून पूर्ण आत गेला पाहिजे. मध्येच अडखळत असेल तर केबल काढा, घासलेटने धुवा, पातळ तेल सोडा. नॉब परत न गेल्यामुळे खटका चालू राहणं हाच या सगळ्या रचनेतला खरा धोका आहे, म्हणून इथे समाधान होईपर्यंत पुढे जाऊ नका.

सोलेनॉइड आणि तारा

सोलेनॉइड बॅटरीच्या जवळ, सायलेन्सरच्या पाइपापासून दूर, आणि कंपनीने दिलेल्या दिशेने उभा. आडवातिडवा बसवला तर खड्ड्यातल्या हिसक्याने आतला दांडा हलू शकतो. बहुतेक सोलेनॉइडच्या कॉइलचं दुसरं टोक त्याच्या पत्र्याच्या बॉडीला असतं, म्हणजे बॉडीला अर्थ मिळाला तरच तो चालतो. रंग खरवडण्यापेक्षा त्याच्या स्क्रूखाली एक वेगळी अर्थची तार घ्या आणि ती थेट अर्थच्या बोल्टावर न्या.

आता जोडणी. बॅटरीची जाड तार सोलेनॉइडच्या एका बोल्टावर, त्याच बोल्टावर खूण केलेली तपकिरी तार. दुसऱ्या बोल्टावर सेल्फची जाड तार. तपकिरी तार चुकून सेल्फच्या बाजूला गेली तर साऱ्या गाडीची वीज जाते आणि माणूस तासभर फ्यूज शोधत बसतो.

रिलेवर चार आकडे कोरलेले असतात. ३० ला बॅटरीच्या बोल्टावरून तार, मध्ये १५ अँपिअरचा फ्यूज, आणि फ्यूज बोल्टाच्या शक्य तितका जवळ. ८७ वरून अडीच चौरसची तार सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलला. गाडीचं विजेचं सामान बनवणाऱ्या ल्युकास कंपनीच्या रीतीने या तारेचा रंग पांढरा-लाल असतो. तोच ठेवला तर पुढच्या माणसाला न सांगता कळतं. ८६ ला करंट यायचा तो फ्यूज बॉक्सच्या ए-४ टर्मिनलवरून. तिथल्या हिरव्या तारांना किल्ली फिरवल्यावरच वीज मिळते. ए-४ वरून तार आपल्या ओढायच्या स्विचला, स्विचवरून ८६ ला. ८५ अर्थला. एवढ्याने किल्लीशिवाय सेल्फ फिरणं बंद होतं, आणि माझ्या दृष्टीने साऱ्या कामातला हा सगळ्यात मोलाचा भाग आहे.

रिले घेताना आत डायोड नसलेला घ्या. डायोडवाला पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत नेहमीच्या पद्धतीने जोडला तर डायोडमधून सरळ शॉर्ट होतो.

ज्यांना आणखी एक अटकाव हवा त्यांनी ८५ ची तार अर्थला नेण्याआधी क्लच पेडलपाशी तसाच दुसरा ब्रेक स्विच लावावा. मग क्लच दाबल्याशिवाय सेल्फ फिरणार नाही. मायनरमध्ये पेडलपाशी जागा अडचणीची आहे, पण मुलं असलेल्या घरात मी तो लावाच म्हणेन.

जाड लग हातोडीने ठोकून बसवू नका. दाबायचं हायड्रॉलिक यंत्र ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून दाबून घ्या. दाबलेला लग ओढून बघा, मग स्लीव्ह चढवा. पत्र्यातून तार जाते तिथे प्रत्येक ठिकाणी ग्रोमेट. जाड तारेला फ्यूज नाही, ती पत्र्यावर घासली तर आग लागते.

पहिली चाचणी

सेल्फची जाड तार सोलेनॉइडवरून अजून सुटीच ठेवा. बॅटरी जोडा, अर्थ सगळ्यात शेवटी. किल्ली बंद ठेवून नॉब ओढा: काहीही ऐकू येता कामा नये. किल्ली चालू करून ओढा: रिलेचा बारीक आणि लगेच सोलेनॉइडचा जाड ‘टक्’. सोडल्यावर परत ‘टक्’. सुट्या बोल्टावर टेस्टलॅम्प लावून ओढताना पेटतो आणि सोडल्यावर विझतो हे दहादा बघा. मगच बॅटरी काढून सेल्फची तार जोडा, टोप्या घाला, बॅटरी परत लावा.

कॉइलची तार अजून काढलेलीच आहे. सेल्फ मारून सुरुवातीची तिन्ही मापं पुन्हा घ्या. माझ्याकडे १.६ च्या जागी ०.१५ व्होल्ट आले, आणि इंजिन फिरण्याचा आवाजच बदलला. आधी सिलिंडरमधल्या प्रत्येक दाबाला ते अडखळायचं, आता एकसारखं फिरतं.

नुसतं टक-टक-टक वाजत राहिलं तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. एकच ठाम ‘टक्’ आणि पुढे शांतता असेल तर सोलेनॉइडचे आतले पॉइंट, जाड तार किंवा सेल्फचे कार्बन ब्रश. सेल्फ सुसाट फिरतो पण इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स चिकटला आहे. तो धुवायचा घासलेटने, आणि त्याला ग्रीस कधीही लावायचं नाही. ग्रीसवर क्लचची धूळ बसते आणि तो पुन्हा अडकतो.

वापरताना नॉब एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त ओढून धरू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. इंजिनाने पहिला आवाज दिला की नॉब सोडा. इंजिन पेटून विझलं तर फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत वाट बघा. फिरत्या रिंगवर बेंडिक्स आदळला की दाते तुटतात, आणि मायनरच्या रिंगसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

जुन्या विलीज जीपमध्ये नॉबाऐवजी पायाने दाबायचा खटका असतो. तिथेही हेच तत्त्व चालतं, फक्त ओढायच्या जागी दाबायचा स्विच घ्यायचा. पण युद्धकाळातली जीप ६ व्होल्टची आहे. तिला सोलेनॉइड आणि रिले दोन्ही ६ व्होल्टचे लागतात, आणि अर्ध्या व्होल्टेजवर तेवढंच काम करायला करंट दुप्पट लागतो, म्हणून केबल ५० चौरसची.

पहिले पंधरा दिवस दर तीन-चार दिवसांनी जाड बोल्टांचे नट पान्याने तपासा. नवं तांबं थोडं दबतं आणि नट सैल होतो. मी जोडणीचा नकाशा कागदावर काढून, तारांचे रंग आणि फ्यूजची जागा लिहून, प्लास्टिकमध्ये घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला आहे. मूळ खटक्याचा डबा डिकीत, हाताने इंजिन फिरवायच्या हँडलच्या शेजारी.